कोठीचं सोवळं

केतकीच्या पत्राला मणेरीकरांनी उत्तर दिलेलं नव्हतं. पत्र येऊन अडीच वर्षं उलटली होती. ते हरवलं होतं असं नाही, विस्मरणात गेलं होतं असंही नाही. एखाद्या जुन्या पोथीचं सुटं पान जपावं तसं त्यांनी ते आम्ल नसलेल्या कागदात गुंडाळून कपाटाच्या सर्वांत कोरड्या कप्प्यात ठेवलं होतं. सदतीस वर्षं पुण्याच्या एका हस्तलिखित संग्रहालयात पोथ्यांची डागडुजी करण्यात घालवलेल्या माणसाला कागद जपणं चांगलं जमत होतं. कागदावर काय लिहायचं, तिथेच घोडं अडायचं.

पत्र पाचसात ओळींचं. "तीर्थरूप बाबांस, साष्टांग नमस्कार. फोनवर तुम्ही बोलत नाही म्हणून लिहिते आहे. त्या दिवशी तुम्ही जे बोललात ते मी मनात धरून बसलेले नाही. चूक माझीच होती. पण आईला पाहिल्याशिवाय राहवत नाही. कोठीत काही नसेल अशी एखादी तारीख कळवा. तेवढ्यापुरती येईन, गॅससुद्धा पेटवणार नाही. मी कधी येऊ?"

उत्तर म्हणून एक तारीख पुरली असती. पण ती तारीखच सापडत नव्हती.

मणेरीकरांनी तसा तक्ताही करून पाहिला होता. पत्नी हेमलताबाईंना रक्ताच्या कर्करोगातून उठवणाऱ्या औषधांनी जाताजाता त्यांच्या हातापायांच्या नसा जाळून ठेवल्या होत्या. फरशीवर पाऊल टाकलं की काचा टोचाव्यात तसं व्हायचं. त्या दुखण्यावर एकच गोष्ट लागू पडली आणि ती घरी पिकवायची परवानगी आता सरकार रुग्णांना देत होतं. एका वेळी दोन झाडं. परवान्यावर तिचं नाव होतं 'वैद्यकीय कॅनाबिस', शेजारचे लोक सरळ गांजा म्हणत, आणि मणेरीकर 'औषध' म्हणत. कुडाळच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत बाल्कनीतल्या तंबूत एक झाड तुऱ्यावर यायचं, तोवर दुसरं वाढत असायचं. तुरे कापले की बारा दिवस सुकवण, मग सहा आठवडे मुरवण. एक मुरतंय तोवर दुसरं कापायला तयार. वर्षाच्या तीनशे पासष्ट दिवसांत कोठी रिकामी असेल असा दिवस तक्त्यात निघाला नाही. मणेरीकरांनी तक्ता पुन्हा काढला, पुन्हा निघाला नाही. तेव्हा त्यांना वाईट वाटलं आणि, हे त्यांनी स्वतःशीही कबूल केलं नव्हतं, किंचित सुटल्यासारखंही वाटलं.

कोठी म्हणजे सुकवणीचं कपाट. उंचीला माणसाएवढं, दिसायला फ्रिजसारखं, मधल्या खोलीत भिंतीला बोल्ट मारून बसवलेलं. परवान्याबरोबरच ते यायचं आणि त्याच्याशिवाय परवाना मिळत नसे. त्यामागचं शास्त्र मणेरीकरांना पहिल्याच दिवशी कळलं, कारण जन्मभर त्यांनी तेच केलं होतं. ताज्या तुऱ्यात तीन चतुर्थांश पाणी असतं. ते घाईने काढलं तर वरची कातडी कुरकुरीत होते, आतला दांडा मात्र ओलाच राहतो, आणि ज्या सुगंधी तेलांत औषधाचा गुण निम्मा असतो ती उडून जातात. सावकाश काढलं तर बुरशी वाट पाहत असते. म्हणून वीस अंशांखालचा थंडावा आणि शेकडा साठच्या आतबाहेर आर्द्रता. मग तुरे काचेच्या बरण्यांत भरून त्या कोठीतच ठेवायच्या. तिथे दांड्यातलं उरलेलं पाणी हळूहळू बाहेरच्या पाकळ्यांकडे सरकतं. रोज झाकण उघडायचं, आतली दमट हवा जाऊ द्यायची, पुन्हा लावायचं. बरणीतला आकडा बासष्टच्या वर चढता कामा नये आणि अठ्ठावन्नच्या खाली उतरता कामा नये. हेमलताबाईंच्या अंगात बुरशीशी लढायची ताकद राहिलेली नव्हती. एक पांढरा धागा त्यांच्या फुप्फुसात गेला तर काय, ते डॉक्टरांनी एकाच वाक्यात सांगितलं होतं.

तर या बासष्टसाठी मणेरीकरांनी घराला नियम लावले. खिडक्या बंद. ओले कपडे घरात वाळत घालायचे नाहीत. भाताचा कुकर लावायचा तो स्वयंपाकघराचं दार लावून, दाराखाली टॉवेल घालून. आंघोळ गार पाण्याची. तुळस जिन्यात. आणि पाहुणा नाही. माणूस म्हणजे चालतीबोलती वाफ. बसल्याबसल्या दिवसाकाठी पावशेर-दीड पावशेर पाणी तो नुसत्या श्वासातून हवेत सोडतो.

"आमच्या आजेसासूबाईंचं सोवळं दुपारी बाराला तरी सुटायचं," हेमलताबाई एकदा म्हणाल्या होत्या. "तुमच्या कोठीचं बाराही महिने. रडायची तरी मुभा आहे ना हो? पाणीच ते शेवटी."

मणेरीकर हसले होते. मुभेबद्दल मात्र बोलले नव्हते.

*

सोमवारी सकाळी तपासणीसाठी रेश्मा धुरी आली. कोठ्या बसवणाऱ्या केंद्राची ही तंत्रज्ञ, वर्षातून दोनदा यायची.

"काका, चप्पल जिन्यातच ना?"

"जिन्यातच. आणि रुमाल ओला असेल तर..."

"तोही जिन्यात. माहितीये. रुमालाचंसुद्धा सुतक पाळता तुम्ही." तिने पाठीवरची पिशवी उतरवली, कोठीच्या मागे तार जोडली आणि मांडीवरच्या पाटीवर बोट फिरवत राहिली. मग थांबली.

"घरात माणसं किती?"

"दोन. मी आणि ही."

"कामवाली?"

"नाही ठेवलेली. का?"

"कोठी तीन म्हणते."

मणेरीकरांना आधी वाटलं, तुळस मोजली असेल. रेश्माने पाटी त्यांच्याकडे वळवली. तिच्यावर तीन रंगांच्या तीन लाटा होत्या.

"ही तुमची. लांब श्वास, मध्ये एक अडकल्यासारखी जागा. ही काकूंची, आखूड. आणि ही तिसरी. गुरुवारी येते, चारच्या सुमारास. साडेपाचला जाते. पंधरा महिने झाले, एखाददुसरा गुरुवार चुकलाय."

कोठीच्या कातडीवर, तिने समजावलं, कार्बनचा एकाच थराचा पापुद्रा बसवलेला असतो. पाण्याचे चारदोन रेणू बसले तरी त्यातली वीज थरथरते. आतली हवा नेमकी राखायची तर बाहेरून काय झिरपतंय ते कळायला हवं, म्हणून हा पापुद्रा बाहेरच्या अंगालाही. सुरुवातीला माणसांचे श्वास म्हणजे नुसती खरखर होती, ती वजा करून टाकायची. वजा करायची तर आधी ओळखायला हवी. ओळखता ओळखता कळलं की प्रत्येकाची खरखर वेगळी. किती वाफ, किती अंतराने, कुठे थांबते. बोटाच्या ठशासारखी.

"म्हणजे टाकून द्यायची गोष्ट होती, तीच आता कामाची झाली," ती म्हणाली. "मोठ्या शहरांत परवान्याच्या नावाखाली लोकांनी घरात अड्डे केले ना, म्हणून नवीन नियम आलाय. नोंदणी नसलेला श्वास कोठीच्या खोलीत वारंवार दिसला की कोठी बंद. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून. तुमच्याकडे पंधरा दिवस आहेत. या तिसऱ्या माणसाचं नाव, त्याची सही, आणि तीन मिनिटं इथे समोर बसून श्वासाचा नमुना. नाहीतर माणूस बंद करा."

"यंत्राची चूक होत नाही?"

"होते की. पण चूक काही गुरुवार बघून होत नाही, काका."

आतल्या खोलीत रेडिओ चालू होता. मणेरीकरांनी तिकडे पाहिलं. गुरुवारी चार ते सहा ते वाचनालयात जात. तिथली जुनी पुस्तकं लावून देण्याचं काम त्यांनी हौसेने पत्करलं होतं. आठवड्यात तेवढेच दोन तास ते घराबाहेर असत. उठून आत जावं आणि विचारावं, एवढी साधी गोष्ट होती. त्यांनी रेश्माकडून कोरा अर्ज घेतला, नीट घडी करून खिशात ठेवला आणि विचारलं नाही.

*

गुरुवारी पावणेचारला ते नेहमीप्रमाणे पिशवी घेऊन निघाले. जिना उतरायच्याऐवजी चढले. वरच्या मजल्यावरची मंडळी मुंबईला असायची. त्यांच्या बंद दारासमोरच्या पायरीवर, कठड्याच्या फटीतून खालचं आपलं दार दिसेल अशा बेताने मणेरीकर बसले. चौऱ्याहत्तराव्या वर्षी स्वतःच्या घरावर पाळत ठेवणाऱ्या माणसाला कुणी पाहिलं तर काय म्हणेल, हा विचार त्यांना इतका छळू लागला की चार कधी वाजले ते कळलं नाही.

पावलं वाजली. केतकी वर आली.

आधी त्यांनी तिला ओळखलं नाही. केस कापलेले, अंगाने भरलेली, चाळीशीचा चष्मा. तिने चपला काढून भिंतीला लावून ठेवल्या. पर्समधून कोरडा नॅपकिन काढून कपाळ, मान, हात पुसले, बोटांच्या बेचक्यासुद्धा. पाण्याची बाटली जिन्यातच तुळशीशेजारी ठेवली. मग एक जाड सुती फडकं काढून चौपदरी केलं आणि नाकातोंडावर आवळून बांधलं, गाठ दोनदा ओढून पाहिली. आणि अलगद कडी वाजवली.

आतून हेमलताबाईंचा आवाज आला, "ये गं."

दार लागलं.

मणेरीकर दीड तास त्या पायरीवर बसून राहिले. आत जाता येत नव्हतं आणि खाली उतरावं तर दारावरून जावं लागणार. भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज आला, एकदा दोघींचा मिळून. गेल्या कित्येक महिन्यांत त्यांनी बायकोला असं हसताना ऐकलं नव्हतं. फडक्याआडून बोलत असल्यामुळे केतकीचे शब्द कळत नव्हते, नुसती घुमघुम ऐकू येत होती. आपल्या मुलीने आपल्याच घरात तोंड बांधून बसायचं, हा नियम कुणी केला? त्यांनी तर तो सांगितलेला नव्हता. तो तिने त्यांच्या नियमांवरून स्वतःच काढला होता.

साडेपाचला ती बाहेर पडली. जिन्यात उभं राहून फडकं सोडलं, दोनतीन मोठे श्वास घेतले, बाटलीतलं पाणी घटाघट प्यायली. हाक मारली असती तर ती सात पायऱ्यांवर होती. मणेरीकरांच्या घशात तिचं नाव आलंही. पण नावाच्या मागोमाग काय म्हणायचं? ते शोधेपर्यंत ती रस्त्यावर पोचली होती.

घरी गेल्यावर हेमलताबाईंनी विचारलं, "आज कुठली पुस्तकं लावलीत?"

"जुनीच," ते म्हणाले.

जेवताना मात्र त्यांचं डोकं भलत्याच वाटेला लागलं. जुन्या कामाची सवय. दोन पोथ्यांतला मजकूर जुळत नसला की कुठली चुकली ते शोधल्याशिवाय त्यांना घास उतरत नसे. पंधरा महिने दर गुरुवारी केतकी कोठीपासून पाच हातांवर दीड दीड तास बसते. फडकं बांधलं तरी कोठीला तिचा श्वास दिसतोच, म्हणजे वाफ सुटतेच. आणि या पंधरा महिन्यांत एकही बरणी बासष्टच्या वर गेलेली नाही.

मग त्या श्रावणात काय झालं होतं?

*

त्या श्रावणात केतकी आठ दिवसांची रजा काढून पुण्याहून आली होती. आईच्या तोंडाला चव नाही म्हणून तिने हळदीच्या पानांतल्या पातोळ्या वाफवल्या. घरभर पानांचा वास आणि स्वयंपाकघराच्या काचांवर पाणी. तिसऱ्या दिवशी दोन बरण्यांत पांढरी जाळी दिसली. कोठीने आपणहून कुलूप घातलं, सगळा माल जप्त झाला आणि परवाना चार महिने थांबला. ते चार महिने हेमलताबाई भिंतीला धरून, टाचांवर चालल्या. केतकी निघाली तेव्हा मणेरीकर दारात उभे राहून म्हणाले होते, "तुझ्या पातोळ्यांनी आईचे चार महिने खाल्ले." जन्मात कुणाशी चढ्या आवाजात न बोललेल्या माणसाचं ते वाक्य. आवाज तेव्हाही चढलेला नव्हता. म्हणून ते जास्त लागलं असावं.

शुक्रवारी ते बसस्टँडजवळच्या केंद्रात गेले. रेश्मा डबा उघडून बसली होती.

"काका, तुम्ही? घराबाहेर? बसा. मिळालं का नाव?"

"मिळालं. पण मला एक जुनी नोंद बघायची आहे. कोठी बंद पडली होती त्या वेळची."

"मागितली असती तर तेव्हाच दिली असती. तुमचा हक्कच आहे." तिने डबा बाजूला सारला. "अडीच वर्षांत कशी नाही मागितलीत? तुम्ही तर पावतीच्या मागचंसुद्धा वाचता."

मणेरीकरांनी चष्मा पुसला.

नोंद उघडली. तेव्हाच्या, नंतर बदललेल्या जुन्या कोठीला श्वास ओळखता येत नसत, पण आर्द्रता ती दर पाच मिनिटांनी टिपत होती. खोलीतली वेगळी, प्रत्येक बरणीच्या झाकणातली वेगळी. खोलीतली रेघ नऊ ऑगस्टला एकदम उभी चढली होती.

"या तुमच्या पातोळ्या," रेश्मा म्हणाली. "पण बघा, कोठीच्या आत त्याचा पत्ताच नाही. दार घट्ट आहे. आणि बरण्या... दोन आणि तीन नंबर. या चढायला लागल्या सहा तारखेला. दुपारी. एकसष्ट, त्रेसष्ट, सहासष्ट, अडुसष्ट. बाकीच्या बरण्या जागच्या हलल्या नाहीत. म्हणजे ओल बाहेरून आली नाही, काका. आतूनच आली. सहा तारखेला या दोन बरण्यांत काही घातलं होतंत का?"

केतकी आठ तारखेच्या रात्रीच्या गाडीने आली होती.

उत्तर मणेरीकरांना सहा तारखेपासून ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणणंही बरोबर नाही. घरात एक खोली असावी आणि तिच्या दारासमोर आपणच कपाट सरकवून ठेवावं, तसं ते होतं.

"वेखंड," ते म्हणाले.

"काय?"

"पोथ्यांच्या पेटीत वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवतात. कसर लागत नाही. आम्ही वर्षानुवर्षं ठेवायचो. मला वाटलं, बुरशीलाही... आधी दोनच बरण्यांत करून पाहू म्हटलं. विहिरीकडचं होतं, ताजं. चार दिवस सापडेल तेव्हा उन्हात घातलं होतं. हाताला अगदी कुरकुरीत लागत होतं."

"वरून," रेश्मा म्हणाली.

"वरून."

दांड्यातलं पाणी बाहेर सरकतं, याला मुरवण म्हणतात, हे कुडाळ तालुक्यात त्यांच्याइतकं नेमकं कुणाला माहीत होतं? अकरा तारखेला बुरशी दिसताच, रेश्माचे लोक पोचायच्या आत, त्यांनी त्या दोन पुरचुंड्या काढून संडासात टाकल्या होत्या. पुरावा नाहीसा करतोय असं तेव्हा मनात आलं नव्हतं. कोठीत बाहेरची वस्तू नको, एवढंच आलं होतं. आणि दोष द्यायला समोर पातोळ्यांची वाफ होती.

रेश्माने नोंद मिटवली. "हे मी ऐकलं नाही. कोठीत बाहेरची वस्तू घातली म्हणजे परवाना कायमचा जातो. कुठे लेखी देऊ नका." मग त्यांच्याकडे बघून जरा नरमली. "आणि आणखी एक. आता तुमच्याकडे आहे ती नवीन कोठी. खोलीतली वाफ ती आपोआप वजा करते. घरात लग्न लावलंत तरी आत कळायचं नाही. खिडक्या बंद ठेवा असं तुम्हाला सांगितलं कुणी?"

"पुस्तिकेत होतं."

"जुन्या. नवीन कोठीबरोबर नवीन पुस्तिका दिली होती मी. पहिल्याच पानावर आहे."

"ती मी उघडली नाही," मणेरीकर म्हणाले.

*

हेमलताबाई खुर्चीत बसल्या होत्या. पायांत जाड मोजे, पाय उशीवर. मणेरीकर आले, त्यांनी मधल्या खोलीची खिडकी उघडली. बिजागऱ्या गंजल्या होत्या. दोनदा धक्का द्यावा लागला. खाली भाजीवाला कुणाशी तरी हुज्जत घालत होता, तो आवाज एकदम घरात आला.

"हे काय?" त्या दचकल्या.

"हेमा, ते वेखंड होतं."

"हो," त्या म्हणाल्या.

"तुला माहीत होतं?"

"बरणी उघडलीत तेव्हा वास आला की. केतकीच्या घुटीत उगाळायचे मी, सहा महिने रोज. तो वास मी विसरेन?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलणार होते. पण तोवर तुम्ही तिला ते वाक्य बोलून मोकळे झाला होतात. ती गेली. आणि मग..." त्यांनी आपले हात मांडीवर उलटे करून पाहिले. बोटं अर्धवट मिटलेलीच राहत. "माझ्याच्याने झाकण उघडत नाही, अहो. रोज बरण्या कोण उघडणार? तुम्हाला मी ओळखत नाही का? तुमच्या हातून झालं हे कळलं असतं, तर तुम्ही पुन्हा कोठीला हात लावला नसता. म्हटला असतात, मला जमत नाही, मी नालायक आहे, आणि बसला असतात पुस्तकात तोंड घालून. मला ते चार महिने पुन्हा नको होते. म्हणून गप्प बसले. औषधासाठी पोरीवर आळ राहू दिला मी."

खाली भाजीवाल्याचा सौदा तुटला असावा. गाडा पुढे गेला.

"तिला सांगितलंस?"

"कुठल्या तोंडाने सांगू? तिने सावंतवाडीला बदली मागून घेतली, दर गुरुवारी बसने येते, तोंड बांधून बसते. म्हणते, आई, एकदा माझ्यामुळे झालं, आता नको. मी म्हणते, बरं. काय म्हणते मी? बरं." त्यांचा आवाज फाटला. "गुरुवारी मी तुम्हाला घराबाहेर कधी घालवते याची वाट बघते आणि ती आली की तिच्याकडे बघवत नाही. तुमची कोठी परवडली. ती निदान खरं टिपून ठेवते."

मणेरीकर त्यांच्या पायाशी स्टुलावर बसले. काय करावं न कळून त्यांनी उशी सरळ केली. ती आधीच सरळ होती. मग खिशातला अर्ज काढला आणि नव्या नियमाची सगळी हकिकत सांगितली. अकरा दिवस उरले होते. नाव, सही, तीन मिनिटांचा नमुना.

"म्हणजे घरी यायचं तर पोरीने आपला श्वास या पेटीला लिहून द्यायचा?"

"हो. आणि ती किती वाजता आली, किती वेळ बसली, झोपली की जागी होती, ते सगळं तिथे राहणार. कायमचं."

"आणि नाही दिला तर?"

"तर तिने यायचं नाही. किंवा मग आपण कोठी परत करायची."

हेमलताबाईंनी डोळे मिटले. पायांकडे बघायचं टाळण्यासाठी त्या असं करत, हे मणेरीकरांना माहीत होतं.

"तिला विचारा," त्या म्हणाल्या. "सांगू नका, विचारा. गुरुवारी देते मी अर्ज तिच्या हातात."

"नको."

"का?"

"तिने मला लिहिलं होतं," मणेरीकर म्हणाले. "तुला नाही."

*

शनिवारी सकाळपासून ते टेबलाशी बसले. पहिल्या मसुद्यात आर्द्रतेवर दीड पान झालं. वेखंडाच्या गड्ड्याची रचना, त्यातलं पाणी कुठे दडतं, सगळं सविस्तर. वाचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की दीड पानात 'मी' हा शब्द एकदाही आलेला नाही. ओल शिरली, बुरशी आली, बरणी नासली. जणू सगळं आपोआप झालं. तो फाडला. दुसऱ्यात 'मी' इतक्या वेळा आला की पत्र म्हणजे स्वतःला बदडून घेण्याचा कार्यक्रम झाला; वाचणाऱ्याने समजूत घालत बसावं, अशी त्यात सोय होती. तोही फाडला. मधेच त्यांना वाटलं, हे लेखी देऊ नका असं रेश्माने बजावलंय. पत्र दुसऱ्या कुणाच्या हाती पडलं तर? मग ध्यानात आलं की हे कारणही चांगलं आहे, आणि अशा चांगल्या कारणांनीच अडीच वर्षं गेली.

तिसरं पत्र एका पानात बसलं.

"चि. केतकी हिस अनेक आशीर्वाद. तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. त्या वर्षी औषध नासलं ते तुझ्या पातोळ्यांमुळे नाही. तू यायच्या दोन दिवस आधी मी दोन बरण्यांत वेखंड घातलं होतं. ते ओलं होतं. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. बहुधा कळलंही होतं. तुला मी जे बोललो ते खोटं होतं, आणि खोटं निघेल या भीतीने मी नोंद पाहिली नाही. आईने वास ओळखला होता. ती का बोलली नाही ते ती तुला स्वतः सांगेल, तिच्यावर रागावलीस तरी ऐकून घे.

"सोबत एक अर्ज आहे. त्यावर सही केलीस तर कोठी तुझा श्वास ओळखून ठेवेल आणि तू घरात असल्याची नोंद दुसऱ्यांच्या हाती राहील. मला हे आवडलेलं नाही. तू नाही म्हणालीस तर कोठी परत करायची की काय, ते आपण तिघं समोरासमोर बसून ठरवू. आईचं दुखणं किती आहे ते तुला माहीत आहे, मीही लपवत नाही. पण तुला न विचारता मी काही ठरवणार नाही.

"तू विचारलं होतंस, मी कधी येऊ. कोठी कधीच रिकामी नसते. भरलेली असतानाच ये. तोंडाला काही बांधू नकोस. गुरुवारी मी घरी असेन."

हेमलताबाईंनी ते वाचलं. 'रागावलीस तरी' यावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "पाकिटावर पत्ता मी सांगते. तुम्हाला माहीतच नाही तो."

पोस्टात शनिवारी अर्धाच दिवस काम असे. काउंटरवरच्या बाईंनी पाकीट उलटसुलट केलं.

"सावंतवाडी? काका, पत्र सोमवारनंतर मिळेल. बसने गेलात तर अर्ध्यापाऊण तासात स्वतः पोचाल. नाहीतर फोन करा ना."

"नाही," मणेरीकर म्हणाले. "पत्राचं उत्तर आहे."

"मग ठीक आहे," बाई म्हणाल्या, जसं काही हे रोजचंच होतं. त्यांनी तिकीट लावलं, शिक्का मारला आणि पाकीट मागच्या टोपलीत टाकलं.

"झालं, काका."

मणेरीकर बाजूला झाले, पण गेले नाहीत. भिंतीवरच्या सूचना वाचत उभे राहिले. परत मागावं, फक्त एक वाक्य बदलावं, 'बहुधा' काढावा किंवा तो राहू देऊन 'कळलंही' काढावं, असं त्यांना दोनदा वाटलं. दुसऱ्यांदा तर ते खिडकीपर्यंत गेलेही. बाईंनी वर पाहिलं. "काही राहिलं का?"

"नाही, नाही."

बाराच्या सुमारास मागच्या दाराशी लाल गाडी लागली. एका माणसाने टोपली उचलून थैलीत उपडी केली, थैलीचं तोंड आवळलं, त्यावर पट्टी ओढली आणि ती खांद्यावर टाकून तो निघून गेला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. तो सावंतवाडीच्या बाजूला वळेपर्यंत मणेरीकर ऐकत राहिले, आणि मग घरी निघाले.